मामाच्या मांडीचा मान

परवा आमच्या सोसायटीत एका बाळाचा सहा महिन्यांचा वाढदिवस झाला. वाढदिवस वर्षाने येतो अशी माझी जुनाट समजूत. पण हल्ली केकवाले अर्धवर्तुळाकार केक करून देतात आणि त्याला अर्ध्या वर्षाचा केक म्हणतात. बाळाला अजून एकही दात नव्हता. मग तो केक त्याच्या तळपायांना फासला, कारण तसा फोटो छान येतो म्हणे. बाळ झोपेला आलं होतं, डोळे चोळत होतं, आणि त्याचे आईवडील, काका, काकू, आत्या असे सगळे मिळून त्याच्या तोंडासमोर खुळखुळा वाजवून त्याला हसवायचा प्रयत्न करत होते. मी खुर्चीत बसून कागदी बशीतला ढोकळा चिवडत राहिले आणि मनात म्हटलं, आज मामा असते तर या बशा गॅलरीतून खाली गेल्या असत्या.

मामा म्हणजे दत्तात्रय. आडनाव त्यांच्या दारावर नव्हतं, ते त्यांनी का काढून टाकलं तेही सांगेन. बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या घरात ते एकटे राहत. कात्रजच्या डेअरीतून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. उंच, रापलेले, अंगात पांढरा पायजमा आणि बाह्यांचा बनियन, कपाळावर कायमची आठी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं की हा माणूस आत्ताच कुणाशी तरी भांडून आला आहे. बहुतेक वेळा ते खरंच असायचं. दोन वर्षांपूर्वी ते बहिणीकडे राहायला गेले आणि तिकडेच वारले. सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. त्यांतल्या निम्म्या लोकांशी मामांचं भांडण झालेलं होतं.

माझं उभं आयुष्य शनिवार पेठेतल्या शाळेत मास्तरकी करण्यात गेलं, त्यामुळे चिडकी माणसं मी भरपूर पाहिली आहेत. स्वतःचा पाणउतारा झाला म्हणून चिडणारी, चहा गार मिळाला म्हणून चिडणारी. मी स्वतः त्यातलीच आहे. मामांचा राग मात्र लहान मुलांच्या वतीने असायचा. ज्यांना अजून बोलता येत नाही त्यांचं वकीलपत्र घेतल्यासारखे ते भांडायचे.

आपल्याकडे मुलाच्या पहिल्यावहिल्या गोष्टी मामाशिवाय होत नाहीत. उष्टावणाचा पहिला घास मामाने भरवायचा. कान टोचायचे ते मामाच्या मांडीवर. जावळ काढायचं, म्हणजे जन्मापासूनचे केस पहिल्यांदा उतरवायचे, तेही मामाच्याच मांडीवर. पण हल्ली मामा आणायचा कुठून? एक तर आई एकुलती एक, नाही तर तिचा भाऊ परदेशात, मोबाइलच्या पडद्यावरून हात हलवणारा. माझ्या सुनेला, मृण्मयीला, भाऊ नाही. नातवाच्या उष्टावणाच्या दिवशी आमच्या घरात यावर चांगली बैठक बसली आणि तोडगा असा निघाला की मृण्मयीच्या सिंगापूरच्या चुलतभावाला व्हिडिओ कॉल लावायचा, मोबाइल बाळासमोर धरायचा आणि चमचा माझ्या मुलाने धरायचा. शिकलेल्या माणसांना असलं काहीतरी फार पटकन सुचतं.

दार उघडं होतं. मामा दुधाच्या पिशव्या घेऊन जिना चढत होते. ते दारात थांबले. तोवर आमची ओळख फक्त "पाणी आलं का" एवढीच होती.

"ह्ये काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

मृण्मयीने सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी मोबाइल मामा, आन् पोरगं त्येच्याकडं बघून खीर खाणार?"

"काका, याला मामाच नाहीये हो," ती म्हणाली. तिचा आवाज जरा चिरकला. आम्ही सगळे तोडगे काढत होतो, पण आपल्याला भाऊ नाही हे त्या दिवशी तिला किती लागलं होतं ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मामांनी पिशव्या माझ्या हातात दिल्या. "ह्या फ्रीजला टाका बाई," एवढं बोलून ते आत आले, मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि पाटावर मांडी घालून बसले. बाळाला मांडीवर घेतलं. चमचा घेतला, पण तो तोंडात खुपसला नाही. खिरीचा एक थेंब त्याच्या खालच्या ओठाला लावला आणि वाट बघत बसले. माझा मुलगा फोटोसाठी मोबाइल रोखून म्हणाला, "मामा, इकडे बघा जरा." मामा म्हणाले, "कशापायी? पोर तर हिकडं हाय." बाळाने ओठ चाटला, नाक मुरडलं आणि उरलेली खीर मामांच्या बनियनवर थुंकली. मामांना अगदी पटलं. "साखर लई झाली," ते म्हणाले. "बराबर हाय त्येचं."

त्या दिवसापासून आमच्या घरात ते मामा झाले, आणि मग हळूहळू इमारतीचेच. ज्या घरात मामा नाही त्या घरातून बोलावणं यायचं आणि ते जायचे. आदल्या दिवशी तंबाखू बंद. नखं कापलेली. मामाने नवे कपडे आणायचे असतात, म्हणून ते स्वतः तुळशीबागेत जायचे आणि प्रत्येक झबलं आपल्या मानेवर घासून बघायचे. दुकानदार वैतागत. टोचलं की ते परत गादीवर ठेवायचे आणि दुकानदाराला विचारायचे, "तुमी घालून बघितलंय का ह्ये?" आणलेला कपडा घरी दोनदा धुऊन, मऊ करून, मगच घेऊन जायचे. कोऱ्या कपड्याची घडी मोडून आणली म्हणून एका घरातल्या आजीबाईंनी नाक मुरडलं, तर मामांनी तो कपडा त्यांच्या हातात देऊन सांगितलं की ही घडी मोडायला माझी दोन दिवसांची मेहनत गेली आहे.

तारीख द्यायच्या आधी ते दोनच प्रश्न विचारायचे. पोर कधी झोपतं, आणि कधी जेवतं. एका घरात गुरुजींनी काढलेला मुहूर्त नेमका बाळाच्या झोपेच्या वेळेचा निघाला. मामा म्हणाले, मुहूर्त हलवा. गुरुजी म्हणाले, मुहूर्त हलत नसतो. मग मामा खाली वाकून त्या बाळाला म्हणाले, "आयकलंस का रं? ह्यांचा मुहूर्त हलत न्हाय. तू उठून बस." गुरुजींना हसू आलं आणि मुहूर्त हलला. "ज्येचा दिस त्येला इचारा," हे त्यांचं पालुपद होतं. वाढदिवस ज्याचा आहे तो रडत असेल तर तो वाढदिवस कुणाचा, हा त्यांचा सरळ सवाल असे, आणि त्याला उत्तर न मिळाल्याने ते आणखी चिडत.

अंगाईबिंगाई त्यांना येत नव्हती. रडणारं मूल मांडीवर घेतलं की ते खालच्या, एकसुरी आवाजात कुणावर तरी तोंडसुख घ्यायला लागत. पाणी सोडणाऱ्यावर, महापालिकेवर, लिफ्टवर, शेजारच्या मंगल कार्यालयातल्या डीजेवर. शब्द सगळे रागाचे, पण आवाज रवीने ताक घुसळावं तसा. मुलं ते ऐकत ऐकत शांत होत. माझ्या नातवाला आमच्या वॉर्डातल्या खड्ड्यांची सगळी माहिती याच मार्गाने झाली असणार.

एका संक्रांतीला पहिल्या मजल्यावर बोरन्हाण होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, मुकुट, सगळं साग्रसंगीत. बाळ पाटावर बसलं होतं आणि भोवती मोठ्या माणसांचं कडं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततात आणि बाकीची मुलं ते लुटतात. इथे मात्र बोरांच्या जागी कागदात गुंडाळलेली चॉकलेटं होती आणि लुटायला मुलंच नव्हती. सर्दी-खोकला पसरतो म्हणून बोलावलीच नव्हती. ओतलेली चॉकलेटं सतरंजीवर पडली, सगळ्यांनी व्हिडिओ घेतले आणि यजमानीणबाई ती परत भांड्यात भरायला लागल्या. एका मावशींचं चित्रण हुकलं होतं, म्हणून पुन्हा ओतायची होती.

मामा उठले आणि खाली गेले. आम्हाला वाटलं, रागावून गेले. थोड्या वेळाने जिन्यात गलका ऐकू आला. खाली क्रिकेट खेळणारी, सायकल फिरवणारी, शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांची, दिसतील तेवढी सगळी मुलं ते घेऊन आले होते. कोपऱ्यावरच्या गाडीवरून पिशवीभर बोरं आणि चुरमुरे आणले होते. "आता ओता," ते म्हणाले. यजमानीणबाई म्हणाल्या, "अहो मामा, यांचे पाय तरी बघा." मामा म्हणाले, "पाय हायेत म्हणून तर आली. मोबाइलला बोरं येचता येत्यात व्हय?" ओतली. सतरंजीवर जी झुंबड उडाली ती बघून पाटावरचं बाळ पहिल्यांदा खदखदून हसलं, मुकुट ओढून टाकला आणि रांगत जाऊन एका मुलाच्या हातातलं बोर हिसकावलं. त्या बाईंनी नंतर वर्षभर मामांशी बोलणं टाकलं. व्हिडिओ मात्र तोच पाठवला सगळ्यांना.

एकदा मी त्यांना विचारलं की तुमचं स्वतःचं कुणी नाही का. कठड्याशी उभं राहून ते तंबाखू मळत होते. त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. कात्रजच्या पलीकडच्या गावात त्यांच्या घरची जमीन होती. शहर तिथवर आलं, जमिनीला भाव आला आणि थोरल्या भावांनी एकुलत्या एक बहिणीला हक्कसोडावर सही करायला सांगितलं. ती म्हणाली, विचार करून सांगते. बास, एवढ्यावरून माहेर बंद. तिला मुलगा झाला, त्याच्या जावळाचं बोलावणं आलं, आणि थोरल्यांनी सगळ्यांना बजावलं की या घरातून कुणी जायचं नाही. मामा गेले. भाच्याला मांडीवर घेऊन बसले, जावळ काढलं, जेवले आणि घरी परत आले तर त्यांची पेटी ओसरीवर काढून ठेवलेली होती.

"भाच्याला मांडीव घ्यायला सातबारा लागतो का वो बाई?" त्यांनी मला विचारलं. आणि मळलेली तंबाखू तोंडात न टाकताच कठड्यावरून झटकून दिली. त्या दिवसापासून त्यांनी आडनाव लावलं नाही, लग्नही करायचं राहून गेलं. बहीण पुढे नवऱ्याच्या बदलीमुळे शिरूरला गेली. भाऊबीजेला ते न चुकता तिच्याकडे जात.

हे सगळं इमारतीत सगळ्यांना माहीत असूनही रेवाच्या घरच्यांनी जे केलं त्याचा मला आजही संताप येतो.

रेवा दुसऱ्या मजल्यावरची. तिची आई शलाका आयटीत नोकरी करते. शलाकाचा भाऊ निनाद कॅनडात. शिक्षण, मग नोकरी, मग कागदपत्रं, असं करत त्याचं येणं सारखं पुढे जात होतं. त्यामुळे रेवाचं उष्टावण मामांनी केलं. कान टोचले ते मामांच्या मांडीवर, आणि सोनाराने सुई उचलल्यावर "एक, दोन, तीन" म्हणून ओरडणाऱ्या सगळ्या नातेवाइकांना त्यांनी दुकानाबाहेर काढलं तेही मला आठवतंय. शलाका कामावर असताना सांभाळणाऱ्या बाई रजेवर गेल्या की रेवा वर मामांकडे. ती त्यांच्याच घरात पहिल्यांदा धरून उभी राहिली. त्यांनी ती गोष्ट दाबून ठेवली आणि संध्याकाळी शलाकाला फक्त एवढंच सांगितलं की आज हिच्यासमोर जरा बसून राहा. वर्ष भरल्यावर जावळ करायचं ठरलं, तेही मामांच्या मांडीवर. मामांनी दोन फ्रॉक आणले, एक वाढदिवसाचा, एक जावळाचा, आणि दोन्ही धुऊन वाळत घातलेले मी रोज बघत होते. त्या दिवसांत त्यांच्या कपाळावरची आठीसुद्धा जरा सैल झाली होती.

आणि मग निनादला रजा मिळाली. मिळाली तर आनंदच आहे. पण मामांना कुणी सांगितलं नाही. शलाकाला वाटलं तिचा नवरा सांगेल, नवऱ्याला वाटलं त्याची आई सांगेल, आणि आईंना, म्हणजे रेवाच्या आजीला, सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही.

वाढदिवस हॉलमध्ये होता. ढगांची सजावट, फुग्यांची कमान, माइक घेतलेला एक तरुण, जो मोठ्या माणसांचे खेळ घेत होता. रेवाला कडक जाळीचा, टिकल्यांचा फ्रॉक घातला होता, आणि डोक्याला पट्टा. निनादचं विमान उशिरा उतरलं होतं, त्याची गाडी रहदारीत अडकली होती, आणि तो आल्याशिवाय केक कापायचा नव्हता. रेवाची जेवायची वेळ गेली, झोपायची वेळ गेली. तिची मान फ्रॉकने लाल झाली होती. ती रडायला लागली तेव्हा माइकवाला म्हणाला, "बर्थडे गर्ल इमोशनल झाली आहे." लोक हसले.

मामा मागच्या रांगेत बसले होते. मी त्यांच्या शेजारी. ते उठले, सरळ स्टेजवर गेले, शलाकाच्या हातातून रेवाला घेतलं, तिथेच पडद्याआड तो फ्रॉक काढला आणि पिशवीतला आपला सुती घातला. मग खाण्याच्या टेबलांकडे गेले. तिथे नूडल्स होत्या, पाणीपुरी होती, तीन रंगांचे पास्ते होते, आणि वर्षाच्या मुलीने खावं असं काहीही नव्हतं. ते मागच्या बाजूला आचाऱ्यांकडे गेले, त्यांच्या स्वतःच्या जेवणातला वरणभात मागून आणला, कालवून मऊ केला आणि खुर्चीवर बसून तिला भरवायला लागले. रेवा हुंदके देत देत खायला लागली. तेवढ्यात आजी आल्या.

आजींचा आवाज कधीच चढत नाही. पेठेतला तो आवाज मी चांगला ओळखते, कारण तो माझ्याकडेही आहे.

"आपण जेवून घेतलंत का?" त्यांनी विचारलं.

"पोर उपाशी हाय," मामा म्हणाले.

"तिचे आईवडील आहेत इथे. आजी आहे. मामाही येतोय तिचा. उद्याचं जावळसुद्धा तोच करणार आहे. आपल्याला कुणी सांगितलं नाही का? आता आपण तिचे नक्की कोण, ते एकदा लक्षात घेतलेलं बरं."

मला वाटलं, आता हॉलचं छप्पर उडणार. एका झबल्यासाठी तुळशीबाग डोक्यावर घेणारा माणूस. पण बशीत उरलेले दोन घास त्यांनी रेवाला भरवले, तिचं तोंड आपल्या धुतलेल्या रुमालाने पुसलं आणि तिला आजींच्या हातात दिलं. तो टिकल्यांचा फ्रॉक नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि निघून गेले.

आजूबाजूला बशा हातात घेऊन इमारतीतली किमान सहा-सात घरं उभी होती. त्यातल्या प्रत्येक घरात मामांनी मांडी घातलेली होती. सगळ्यांना एकदम पास्त्यात काहीतरी सापडलं. मी मात्र आजींच्या पुढ्यात गेले. म्हटलं, "उष्टावणाला चालले, कान टोचायला चालले, तिला सांभाळायला चालले, तेव्हा नाही विचारलंत कोण ते." त्या म्हणाल्या, "तुम्ही शेजारी आहात, म्हणून मी उत्तर देत नाही." मी म्हटलं, "उत्तर नाही, म्हणून देत नाही आहात." मग केक न खाता घरी आले. त्या संध्याकाळचं मला एवढंच समाधान आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांकडे चहा घेऊन गेले. दाढी केलेली, नखं कापलेली, तंबाखूची डबी कपाटावर ठेवलेली. जावळाचा फ्रॉक दोरीवर तसाच होता. त्यांनी चहा घेतला आणि बशीकडे बघत बसले. खालून रेवाचं रडणं ऐकू यायला लागलं. आधी नुसतं कुरकुरणं, मग भोकाड, मग श्वास अडकेल असं किंचाळणं. मामांनी कप खाली ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला.

दारावर टकटक झाली. शलाका होती. नऊवारी नेसलेली, नथ घातलेली, डोळे सुजलेले.

"मामा, खाली चला ना," ती म्हणाली. "ती निनादच्या मांडीवर बसतच नाहीये. त्याला ओळखत नाही ती. न्हावी म्हणतात, हातात वस्तरा आहे, अशा पोरीला हात लावणार नाही. ते म्हणाले, नेहमीच्या मामांना बोलवा."

"कोन म्हणून येऊ?" मामांनी विचारलं.

तिने मागे वळून जिन्याकडे बघितलं. जिन्यात खाली आजींचं पाऊल वाजत होतं.

"कोन म्हणून, पोरी? काल इचारलं मला. रातभर इचार केला, मलाबी सांगता येईना."

"मामा, ती रडतीये हो," एवढंच ती म्हणाली.

खालून पुन्हा किंकाळी आली. मामा उठले. दोरीवरचा फ्रॉक ओढून खांद्यावर टाकला. "रडती म्हणून येतूय," ते म्हणाले. "दुसरं कायबी म्हणून न्हाय. तुमच्या म्हातारीला सांग."

खाली दिवाणखान्यात पाट, रांगोळी, ताम्हण, सगळं मांडलेलं होतं. निनाद पाटावर घामाघूम होऊन बसला होता. बिचारा सज्जन मुलगा, त्याचा काही दोष नव्हता; झोपेशिवाय प्रवास करून आलेला, अंगात नवा झब्बा, मांडीवर धनुष्यासारखी ताठ झालेली भाची. मामांना बघून रेवाने दोन्ही हात पुढे केले. मामा पाटावर बसले नाहीत. तो पाट मानाचा होता. ते भिंतीला टेकून सतरंजीवरच बसले, तिला मांडीवर घेतलं, पुन्हा चढवलेला तो जाळीचा फ्रॉक काढला, आपला घातला, आणि खालच्या आवाजात सुरू झाले. लांबून आलं की लगेच पोरगी मांडीवर येती व्हय, पोरगी हाय का रिक्षा हाय, सकाळपासनं हिला पाणी तरी पाजलंय का कुणी, ह्या घरात शिकलेली मानसं राहत्यात म्हणं. एकसुरात, सगळ्यांच्या देखत, सगळ्यांना. आजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रेवाचे हुंदके कमी कमी होत गेले. न्हाव्याने वस्तरा ओला केला आणि हळूहळू तिचं जावळ मामांच्या पायजम्यावर पडायला लागलं. निम्मं डोकं झालं तेव्हा ती झोपली.

काम झाल्यावर न्हाव्याने सामान आवरलं. फोटोग्राफर पुढे आला. "आता खऱ्या मामांच्या मांडीवर द्या बाळाला," तो म्हणाला. निनाद पाटावर जाऊन बसला. आजी टोपी, शेला आणि नारळ घेऊन पुढे झाल्या.

"उठंस्तवर हिला हलवायचं न्हाय," मामा म्हणाले.

"अहो, मान मामाचा असतो," आजी म्हणाल्या.

"मग द्या की मान त्येला. म्या कुठं आडवलंय? पोर निजलीय, तेवढी निजू द्या."

निनादने हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले. शेवटी आजींनी त्याला टोपी घातली, शेला पांघरला, नारळ दिला, आणि फोटोग्राफरने फोटो काढला. तो फोटो मी पाहिला आहे. जावळाचा फोटो, आणि त्यात नारळ घेतलेला निनाद एकटा पाटावर बसला आहे.

मग पानं वाढली. सगळे जेवायला बसले. मामा भिंतीशी तसेच, एक पाय अवघडून लांब केलेला, रेवाचं गुळगुळीत डोकं त्यांच्या दंडावर, आणि कुणी भांडं वाजवलं की त्याच्याकडे असे बघत की पुढचं भांडं आवाज न करता खाली ठेवलं जाई. आजी म्हणाल्या, त्यांचं पान नंतर वाढा, हात मोकळा झाला की. शलाकाने ते ऐकलं आणि ताट वाढून घेतलं. ती मामांसमोर जाऊन बसली, भात कालवला आणि घास त्यांच्या तोंडापाशी नेला.

"ह्ये काय करतीस," मामा म्हणाले. "लोकं बघत्यात."

"बघू देत," शलाका म्हणाली. ती आजींकडे पाठ करून बसली होती, पण बोलली ते सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं. "माझ्या भावाला भरवतीये मी. दादा, तोंड उघडा."

सगळ्या इमारतीसारखंच तीही त्यांना मामा म्हणायची. पंगतीत निनादने मान वर केली, बहिणीकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मामांनी तोंड उघडलं. घास खाल्ला. बराच वेळ चावत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"वरणात मीठ कमी हाय," ते म्हणाले.